समोरच्या घरचा डबा

अब्बा, आज शुक्रवार आहे आणि मी तुमचे स्कोन केलेत, ते चीज घातलेले छोटे विलायती पाव. पूर्ण ट्रे भरून केलेत. एरवी मी सहाच करते, आम्हा नवरा-बायकोला पुरतील एवढे, आणि प्रत्येक वेळी मैदा चाळताना तुमचा वैतागलेला चेहरा समोर येतो. तुम्हाला थोडं करताच यायचं नाही. सगळी उमर जहाजाच्या स्वयंपाकघरात काढलेली, त्यामुळे अख्ख्या जहाजाला पुरेल असं एकच माप तुमच्या हातात बसलेलं. सुट्टीवर घरी आलात की अम्माला चुलीपुढून उठवायचात आणि मोठी परात पुढ्यात ओढायचात. अम्मा कपाळाला हात लावून म्हणायची, "घरात मानसं पाच. एवडं कोन खानार?" तुम्ही वर न बघता म्हणायचात, "गाव हाय ना." आणि खरंच गावच खायचं. गावातल्या बेकरीतले पाव निघाले की त्याच भट्टीत तुमचे ट्रे जायचे, आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरात ते पोचलेले असायचे. स्कोन कुणी म्हणालं नाही कधी. सगळे जहाजाचा पाव म्हणायचे.

तुम्ही शिकवलं तसंच करते मी. लोणी थंड हवं, हात त्याहून थंड हवे. तुम्ही माठातल्या पाण्यात हात बुडवून मग पिठाला लावायचात. मी फ्रीजमधल्या बाटलीचं पाणी हातावर ओतून घेते, कारण इथे शहरात, करंजाड्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या ह्या ओट्यावर लोणी बघता बघता वितळतं. बेकिंग पावडर मिसळलेल्या पिठात लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग किसलेलं चीज, मोहरीची पूड, बारीक चिरलेली मिरची आणि ताक. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. ग्लासाने कापताना ग्लास फिरवायचा नाही, नाहीतर स्कोन वाकडे फुगतात. माझा एखादा तरी वाकडा होतोच. आणि ते लोणी, लसूण आणि कोथिंबीर ठेचून घातलेलं, वर जराशी मिरी. जहाजावरच्या साहेबलोकांना तुम्ही ते सपक करून द्यायचात आणि आमच्यासाठी लसूण दुप्पट घालायचात, ह्याचा मला लहानपणी फार अभिमान होता.

पण आज आठवतंय ते दुसरंच. एकदा शेजारच्या काकूंचं ताट परत द्यायला मला पाठवलं होतं. मी ते घासून, पुसून, लख्ख करून निघाले, आणि तुम्ही फाटकातून मला परत बोलावलंत. "भांडं उपाशी पाठवतेस होय?" एवढंच म्हणालात, पण आवाज असा होता की मी रडले. ताटात चार स्कोन ठेवलेत, वर लोण्याचा गोळा, आणि मग म्हणालात, "आता जा." त्याच काकू एका सणाला कोंबडीचा रस्सा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही दारातच हसत विचारलंत, "वहिनी, कापली कुनी?" त्यांनी जीभ चावली. तुम्ही म्हणालात, "मग आमाला चालनार नाय, हलालच लागतं, पन बसा, गरम पाव खाऊन जा." आम्ही पोरं लाजेने मेलो. काकू मात्र पोटभर हसल्या, आणि पुढच्या सणाला चक्क जिवंत कोंबडी काखेत धरून आल्या. "घ्या, तुमीच कापा, मी रांदते." जहाजावरही तुम्ही कॅप्टनला तोंडावर सांगितलं होतं म्हणे, की डुकराचं मांस शिजवीन, पण चव घेणार नाही, मीठ दुसऱ्या कुणी बघायचं. आणि त्याच संध्याकाळी त्याच्या टेबलावर गरम स्कोन पाठवले होते. नाही म्हणताना तुमचा हात कधी रिकामा नसायचा.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मावशी राहतात. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, आता मुलाकडे असतात. दार दिवसभर उघडं, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, आणि मावशी उंबऱ्याशी भाजी निवडत बसलेल्या. लिफ्टची वाट बघताना त्या काहीबाही सांगतात. लहानपणी गावात त्यांच्या आईने कुणाच्या घरी काही पाठवलं तर ते तसंच परत यायचं, किंवा दारातच ठेवलेलं दिसायचं, हे त्यांनीच मला सांगितलं. अगदी सहज सांगितलं, मेथी खुडता खुडता. लिफ्ट आली आणि मी आत शिरले.

मागच्या महिन्यात त्यांनी मला स्टीलच्या डब्यात चिकन आणून दिलं. वर तर्री, खाली खोबऱ्याचा रस्सा, वासानेच भूक लागावी असं. मी हसून घेतलं, दार लावलं, आणि डबा ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिले. हलाल असेल का? विचारायला चार पावलं जायचं होतं. पण विचारलं तर त्यांना वाटेल, हीसुद्धा आपल्या हातचं खात नाही. म्हणून नाही विचारलं. न विचारता, काळ्या पिशवीत बांधून, मी ते खाली नेलं, आणि आमच्या विंगच्या कचऱ्याच्या डब्यात कुणी बघेल म्हणून दुसऱ्या विंगच्या डब्यात टाकलं. हातातल्या पिशवीला अजून ऊब होती. मला माझीच किळस आली, अब्बा. आणि तरी मी वर येऊन डबा घासायला घेतला.

तेव्हापासून तो डबा माझ्याकडेच होता. रिकामा देववेना, आणि भरून द्यायला जावं तर तोंड दाखवायची लाज. बाहेर पडण्याआधी दाराच्या भिंगातून बघायचं, मावशी आत असल्या की पटकन लिफ्ट गाठायची, असा माझा महिना गेला. जावई तुमचे शेवटी म्हणाले, "तो डबा भाड्याने ठेवलायस का?" त्यात काय आलं होतं ते मी त्यांनाही सांगितलेलं नाही.

म्हणून आज ट्रे भरला. डब्यात स्कोन रचले, वाटीत लोणी घेतलं आणि मनाशी वाक्य जुळवलं: मावशी, माझी चूक झाली, मी विचारायला हवं होतं. उघड्या दारात त्याच पुढे आल्या. मी तोंड उघडण्याआधी झाकण काढून त्यांनी वास घेतला. "आगं बाई, ह्योच तो! दर शुक्रवारी येतो बघा ह्यो वास. मी सुनेला म्हणती, काय करत असतील त्या?" मला ओढून सोफ्यावर बसवलं, एक स्कोन मधून उघडला, लोणी लावलं आणि डोळे मिटून खाल्ला. मग म्हणाल्या, "पण माझं चिकन कसं झालतं, ते तुम्ही सांगितलंच नाही. अन् मनात काही आणू नका बरं, नाक्यावरच्या तुमच्या हलालच्या दुकानातूनच आणलं होतं. दोनदा विचारून घेतलं त्याला. ताटं परत आलेली मी लई बघितलीत, म्हणलं ह्यांच्यावर नाही म्हणायची पाळी नको यायला."

मी काय म्हणाले असेन? "मस्त झालं होतं मावशी," मी म्हणाले. "ह्यांनी तर रस्सा बोटांनी पुसून खाल्ला." त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना. "मग पुढच्या शुक्रवारी परत करते, दोघं इकडंच या जेवायला," त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणाले.

आता घरी येऊन हे लिहितेय. ट्रेमध्ये अजून बरेच उरलेत, संध्याकाळी मजल्यावर वाटीन. निदान तेवढं तुमच्यासारखं होईल. पुढच्या शुक्रवारी मी मावशींच्या घरी जाईन, दोनदा वाढून घेईन, त्या वाढतील तेवढं सगळं खाईन. पण त्या दिवशी त्या नाक्यापर्यंत चालत गेल्या होत्या, त्यांचे गुडघे दुखतात, आणि ते मी दुसऱ्या विंगच्या कचऱ्यात टाकलं. खाऊन ते भरून येणार नाही, कळतंय मला. तुम्ही असतात तर आत्ताच्या आत्ता उठवून पाठवलं असतंत, खरं सांगून ये म्हणून. हे पत्र कुठेच जायचं नाही. ह्यातलं प्रत्येक वाक्य खरं तर मावशींना सांगायचं होतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुमचं दार माझ्या दारासमोर नाही.