लँडिंग अजून जमत नाही

८ नोव्हें. ९८, रवि.
आज परत पाण्यात. निखिलच्या शिकागोजवळ म्हणे समुद्राएवढा तलाव आहे. धावपट्टीच्या बरंच अलीकडे विमान त्यात गेलं. निखिलला फोनवर सांगितलं तर पोट धरून हसला.
"आई, चाकं तरी बाहेर काढली होतीस ना?"
म्हटलं, काढली होती, पोहायला उपयोग झाला नाही.
मग त्याने सगळं उतरणं पहिल्यापासून सांगितलं. इंजिनं लांबूनच मंद करायची. वेग कमी होईल तसे पंखांमागच्या झडपांसारखे फ्लॅप थोडेथोडे सोडायचे. पट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले म्हणजे उंची बरोबर. चारी लाल म्हणजे देवाचं नाव घ्या. आणि अगदी शेवटी, जमीन आली की, नाक जरासं वर.
किती वेळ बोललो! एरवी त्याचा रविवारचा फोन म्हणजे गोळ्या घेतेस का, पालघरला थंडी पडली का, बरं ठेवतो. मी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" हे विचारण्याआधीच कळायचं कोणत्या घरातलं बोलणं आटलंय ते. आमचंही आटलं होतं. मे महिन्यात येऊन हा कॉम्प्युटर ठेवून गेला, त्यात विमानाचा खेळ निघाला, म्हणून वाचलो.

१० नोव्हें., मंगळ.
वेग जास्त. पट्टी संपली तरी विमान आपलं धावतंय. शेवटी गवतात जाऊन थांबलं. यांना दाखवायला हवं होतं. आमची लूना फाटकावर आदळली तेव्हा केवढं बोलले होते मला.
खऱ्या विमानात मी अजून पाय ठेवलेला नाही. निखिलला पोचवायला सहार विमानतळावर गेले तेवढंच, तेही काचेच्या दारापर्यंत.

१३ नोव्हें., शुक्र.
बोईसरला गेले होते, चष्म्याच्या दुकानात. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, हे विसरले. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे हिंदी. दुकानदारही मला "माताजी" म्हणाला. मेल्या, तुझी आई असेल माताजी.
संध्याकाळी विमान छान खाली येत होतं. दोन लाल, दोन पांढरे, अगदी सांगितल्यासारखे. आणि वीज गेली. अंधारात एकटीच मंडळाला शिव्या घालत बसले.

१९ नोव्हें., गुरु.
उतरलं!!
इथल्या माहीम गावची हिराबाई कोळीण बोंबील घेऊन आली होती. म्हटलं, थांब जरा, विमान हवेत आहे. पाटी दाराशी ठेवून ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. दिवे बरोबर. चाकं बाहेर. पट्टी समोरून मोठी मोठी होत आली. शेवटी नाक वर घेतलं, एक हिसका बसला, आणि विमान सरळ धावत जाऊन उभं राहिलं.
"उतारला गो बाय! नाय बुडाला!" हिराबाईने माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा पडला. वर दोन बोंबील जास्त टाकून गेली.
ती गेल्यावर पडद्याकडे बघत बसले. विमानतळावर इमारती आहेत, दिवे आहेत, माणूस एक नाही. निखिलच्याच गावात उतरले आणि न्यायला कोणी नाही. मग लक्षात आलं, उतरणं तर जमलं. आता रविवारी त्याला विचारायचं काय?

२२ नोव्हें., रवि.
"आई, जमलं का?"
"नाही रे. लँडिंग अजून जमत नाही."
कशी बोलून गेले कोण जाणे. सांगायचंच ठरवलं होतं. म्हणजे अर्धं ठरवलं होतं.
"कुठे चुकतंय?" मग तो सांगत बसला, मी हं हं करत राहिले. लहानपणी पाढे घोकायचा, तो तसाच जरा नाकातला आवाज. पोराला फसवते आहे याची लाज वाटली. पण फोन ठेवल्यावर दिवसभर गुणगुणत होते, हेही खरं.

२९ नोव्हें., रवि.
व्हायचं ते झालं.
खाली गॅसवाल्याशी भांडत होते. वर हिराबाई मासे साफ करत बसलेली. निखिलचा फोन आज लवकर आला आणि तिने उचलला. मी धापा टाकत पोचेपर्यंत रिसीव्हर जागेवर.
"तुमचा पोर्‍या व्हता. मी बोल्ली त्याला, तुजी आय बराबर उतारते इमान. मी डोल्यान बगितला हाय."
"मग? काय म्हणाला?"
"कायच नाय. मंग बोल्ला, बरं, ठेवतो."
तिला काय बोलणार? ती बिचारी माझं कौतुक करत होती. दिवसभर फोनजवळ बसले. परत आला नाही.

२ डिसें., बुध.
खेळ लावला नाही. कॉम्प्युटरवर फडका घातलाय.
आपण फोन करावा का? आणि बोलायचं काय? लँडिंग गेलं खड्ड्यात. मला त्याचा आवाज हवा होता. एवढंच सांगायचं तर जीभ उचलत नाही. दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात कधी हात अडखळला नाही माझा.

६ डिसें., रवि.
सकाळी खालून गॅसवाल्याने हाक मारली, गेले नाही. हिराबाई आज नाही. रिंग झाली. लगेच उचलायचा नाही असं ठरवलं होतं, पण लगेचच उचलला.
"आई."
"हं."
लाइनची खरखर वेगळी आणि माणूस शब्द गिळतो ते वेगळं, मला कळतं.
"मग? कुठे अडतंय?"
हिराबाईचं नाव त्याने काढलं नाही. तिचं त्याला खरं वाटलं नाही, की माझं खोटं कळलं? विचारायला तोंड उघडलं होतं.
"शेवटी," मी म्हटलं. "नाक वर घ्यायला उशीर होतो."
"बरं. पहिल्यापासून सांगतो. घाई करू नकोस. इंजिनं लांबूनच मंद करायची..."
इतकं सावकाश त्याने कधीच सांगितलं नव्हतं. मी पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिले. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली. वाढवायचं का, कोणी विचारलं नाही.