दुसरा शिक्का

शुक्रवार, १२ तारीख
दुपार, वर्कशॉप

प्रिय दादा,

वहिनीचा निरोप मिळाला. तुझं सकाळचं फिरणं सुरू झालंय आणि बागेतल्या शेजाऱ्याला तू झाडं कशी छाटायची ते शिकवतोयस म्हणे. बिचारा. माझा गुडघा बरा आहे, जिना चढताना फक्त कुरकुरतो. आपल्या घराण्यातलाच तो.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

गेल्या शनिवारी आपली एक रायफल परत आली. नेमबाजी क्लबातल्या एका बाईंनी घोडा एकदाच दाबला आणि तीन गोळ्या सुटल्या. तिसरी छपराच्या पत्र्यातून आरपार गेली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. लष्करी रायफल लायसन्सवाल्याला द्यायची तर घोडा कितीही दाबून धरला तरी गोळी एकच सुटली पाहिजे, हा कायदा तूच माझ्याकडून घोकून घेतलास. आपल्याकडचा नियमही तुझाच. रायफलीत तो बदल करणाऱ्याने तिची चाचणी घ्यायची नाही. एक शिक्का त्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा. "आपली चूक आपल्याला दिसत नाही गं," म्हणायचास.

त्या रायफलीवर दोन्ही शिक्के आहेत. सरकारी तपासनीस साहेबांनी विचारलं, दुसरा कुणाचा? मी म्हटलं, माझा. शिक्का माझाच आहे, खोटं काही बोलले नाही.

पण दादा, शिक्क्यावरच्या तारखेला मी हॉस्पिटलात पाय टांगून पडले होते. शिक्का ठेवते त्या माझ्या खणाची दुसरी किल्ली फक्त तुझ्याकडे होती.

दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. मग टेबलाशी बसले आणि माझंच मला आठवलं. तुझा हात वर्षभरापासून थरथरत होता. तू चहाचा कप दोन हातांनी धरायला लागलास तेव्हाच मला कळलं. त्या वर्षात तू केलेल्या सात रायफली माझ्या चाचणीत नापास झाल्या. एकदाही तुला सांगितलं नाही. तू जेवायला गेलास की मी गुपचूप दुरुस्त करायचे आणि शिक्का मारायचे. तुझं मन दुखावेल म्हणून. मोठी शहाणी मी. तुला वाटत राहिलं की आपल्या हातून चुकीचं काही जातच नाही. मी नसताना तुला चाचणीची गरज वाटली नाही, ती माझ्यामुळेच. तुला दोष देताना जीभ अडखळते ती यासाठी.

मी हॉस्पिटलात होते त्या आठ दिवसांत अकरा रायफली गेल्या. परवापर्यंत नऊ परत आणल्या, तपासल्या. चार नापास.

दोन राहिल्यात. एक टेकडीवरच्या डॉक्टरांकडे, दुसरी सुताराकडे. दोघांना तीन-तीनदा फोन केले, काल दारातही जाऊन आले. डॉक्टर हसले. म्हणाले, "तुमच्या दादांच्या हातची आहे ती. त्यांनी स्वतः सांगितलं तर देईन." सुताराने तर मलाच सुनावलं, की भाऊ घरी बसला म्हणून बहीण त्याचं नाव खराब करतेय. तो उद्या दुपारी मुलीला घेऊन नेमबाजीला जाणार आहे. ती पहिल्यांदाच बंदूक धरणार आहे.

साहेबांकडे मी उद्या दहा वाजता जाणार. सात रायफलींचंही सांगणार, किल्लीचंही. माझा शिक्का बहुतेक काढून घेतील. घेऊ देत. पण साहेबांचा माणूस सुताराच्या दारात कधी पोचेल, सांगता येत नाही. तुझा फोन लगेच पोचेल.

वहिनीच्या भावाच्या हाती हे पत्र पाठवतेय, संध्याकाळी मिळेल. नंबर मागे लिहिलेत. एवढंच म्हण की माझा हात चुकला. मला माहीत आहे, हे वाक्य तू आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाहीस. आधी सुताराला फोन कर.

तुझा हात थरथरतो, हे तुला वर्षभर न सांगणारी,
तुझी धाकटी