मांत्रिकाला किती मंत्र द्यायचे

६ मार्च १९८३, रविवार

गिरगावहून येऊन तास झाला, पण एका जागी बसवत नाहीये. आजच्या खेळातही तेच. पुलावर बारा राक्षस. दादा तलवार उपसून पुढे झाला, तेवढ्यात माधव म्हणाला, "थांब वसंत, मी अग्निमंत्र टाकतो." एक फासा. बाराही खलास. दादाची पाळी येण्याआधी लढाई संपलेली.

माधव मांत्रिक, दादा लढवय्या, शैला पुजारीण. तीन तासांत दादाने फासा दोनदा टाकला. बाकी वेळ माधवच्या बाबांच्या दवाखान्यातला वजनकाटा हाताने दाबून काटा वरखाली करत बसला होता. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून जागा मिळते, एवढंच सुख.

चूक माझी. खेळाच्या नियमांचं पुस्तक माधवचं, त्याच्या मामाने बोटीवरून आणलेलं. पण त्याचं मराठी मी केलं, खेळ चालवते मी. शाळेत गणित शिकवते, मला हे आधी दिसायला हवं होतं. पहिल्या पायरीवर मां.ला दिवसाला एक मंत्र, लढ.ला एक तलवार. ठीक. आता सातव्या पायरीवर मां.ला दहा मंत्र. लढ.ला एक तलवार.

८ मार्च

आईने आज विचारलंच. "तुमी पत्ते नाय, सोंगट्यो नाय, नुसतेच बोलत बसतास?"

सांगितलं. प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं. पुढे काय संकट आलं ते मी सांगायचं, ते काय करतात ते त्यांनी सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो.

"आणि वसंत काय करता?"

"लढतो."

"बरां. कायतरी करता मगे."

संपाला चौदा महिने झाले. दादा सकाळी गिरणीच्या गेटवर जातो, येतो, पेपर वाचतो, गॅलरीत उभा राहतो. दाढी फक्त रविवारी करतो, गिरगावला निघताना.

११ मार्च

नववीचे पेपर तपासायचे आहेत. त्याऐवजी मंत्रांची यादी तीनदा लिहिली, तीनदा खोडली.

१३ मार्च, रविवार

आज मी खोटं बोलले. ठरवून नव्हतं.

गुहेत दैत्य आला. माधवचे मंत्र सकाळीच संपतील अशी व्यवस्था मी केली होती, म्हणजे दादाला संधी. दादाचं आणि त्याचं जुंपलं. दैत्याचा वार. माझा वीस बाजूंचा फासा मी आडोशाला उभ्या केलेल्या पुठ्ठ्यामागे पडला, कोणाला न दिसता. अठरा. अठरा म्हणजे लढ. मेला. मी म्हटलं, "चुकला वार." पुढच्या फेरीत दादाने दैत्य मारला. शैलाने टाळ्या वाजवल्या. माधवही म्हणाला, "वा."

दादा हसला नाही. परत येताना मी बसने जाऊ म्हटलं, तो म्हणाला चालत येतो. लालबागपर्यंत.

१४ मार्च

भाजी आणायला दादा आणि मी गेलो होतो. वाटेत म्हणाला, "काल किती पडले होते?"

"कशाचे?"

"कुंदा, मी सात वर्षं गिरणीत दोन साचे एकदम बघायचो. तेवढ्या गोंगाटात कुठल्या साच्यावर सूत तुटलं ते मला आवाजावरून कळायचं. फासा पडला आणि तू किती वेळ गप्प बसलीस ते कळणार नाही?"

मी सांगितलं. अठरा.

"मग मी मेलोय."

"दादा, नियमच वाकडे आहेत. मी फक्त—"

"तू फक्त दया केलीस. बाहेर बरेच जण करतात. तिथे नको होती." कोथिंबीर निवडत, आवाज न चढवता बोलला. चढवला असता तर बरं झालं असतं.

२० मार्च, रविवार

दादा आला नाही. दाढीही केली नाही. "तुम्ही खेळा," म्हणाला.

तिघं बसलो, अर्ध्या तासात उठलो.

२३ मार्च

माधव परळला शाळेच्या दारात आला होता. मी त्याला नवी यादी दाखवली. मां.चे दहा मंत्र तोडून चार केले होते.

वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. "अगं, पहिल्या पायरीवर मी तीनदा मेलो. मांजराने ओरबाडलं तरी मरत होतो. तेव्हा वसंत राक्षस कापायचा आणि मी मागे कंदील धरून उभा. तीन महिने. तेव्हा तुला नियम वाकडे दिसले नाहीत?"

खरं आहे. दिसले नाहीत. मी यादीची घडी घालायला लागले, तर आणखी चिडला. "वसंतला वाईट वाटतंय म्हणून माझे हात कापायचे, हा नियम नाही. ही नातेवाईकगिरी झाली."

दहा दिवसांत दोघांनी एकच गोष्ट तोंडावर सांगितली.

२४ मार्च

चार नाही. सहा? सहा केले तरी अग्निमंत्र तोच. अग्निमंत्र काढला तर माधवकडे राहतं काय? लढ.ला दोन वार दिले तर राक्षसांना किती द्यायचे? वर्गात फळ्यावर भलतंच लिहून बसले. मुली हसल्या.

२७ मार्च, रविवार

शैला घरी आली. तिच्या आईने दादरच्या बाजारातून बोंबील पाठवले होते, ते निमित्त. आईकडे पिशवी दिली आणि सरळ गॅलरीत दादासमोर जाऊन उभी राहिली.

"तू का येत नाहीस?"

"कंटाळा आला."

"मला सांगतोस? मला पण दहा मंत्र आहेत. दहाच्या दहा तुझ्या जखमा भरण्यात जातात. सहा महिने मी दुसरं काही केलेलं नाही. दिवसभर टेलिफोनवर लोकांच्या तारा जोडून देते, रविवारी तुझी हाडं. मी कधी रडले?"

दादा हसला. किती दिवसांनी. मग म्हणाला, "तू बोलायचं होतंस."

"तू बोललास?"

जाताना जिन्यात मला म्हणाली, "तुझी वही ठेव बाजूला. पुढच्या रविवारी दोघांचे कागद बदल. माधवला तलवार दे, वसंतला मंत्र. कोणाला काय खुपतं ते त्यांनाच कळू दे. तुला एकटीला बसून कळणार नाही."

हे मला का सुचलं नाही?

३ एप्रिल, रविवार

दादा आला. माधव आणि तो एकमेकांशी जपून बोलत होते.

कागद बदलले. पुठ्ठा मी पिशवीतून काढलाच नाही. सगळे फासे उघड्यावर.

पहिला तास माधवने तलवार धरून काढला. दादाने दोन मंत्रांत दोन लढाया संपवल्या. तिसऱ्या वेळी माधव घड्याळाकडे बघायला लागला. दादाने ते बघितलं आणि नुसता पुढचा फासा टाकला. चांगलं केलं.

मग बोगद्यात राक्षस आले. दादाचा एकच मंत्र उरला होता. माधव म्हणाला, "मी वसंतच्या पुढे उभा राहतो." मी नियमाप्रमाणे फासा टाकला. दोन राक्षस दादापर्यंत पोचले, त्याला मारलं, मां. पडला.

माधव म्हणाला, "थांब. बोगदा केवढा आहे?"

"एक माणूस मावेल एवढा."

"मग मी मध्ये उभा आहे. ते त्याच्यापर्यंत पोचले कसे?"

मी पुस्तक उघडलं. माझं मराठी उघडलं. पुढे कोण उभा आहे याने काहीही फरक पडत नाही. लढवय्याने अडवायचं, असा नियमच नाही.

मग दादा हळू म्हणाला, "मी सहा महिने पुढे उभा राहतोय. मला वाटायचं, कोणीतरी निसटून मागे जाणारच. असंच असेल."

माधव त्याच्याकडे बघत राहिला. "तू विचारलं का नाहीस रे?"

"तुझं पुस्तक होतं."

७ एप्रिल

चार दिवस शाळेतून आले की गॅलरीत फासे घेऊन बसते. शेजारच्या काकू विचारतात कसला अभ्यास.

नवा नियम: मंत्र म्हणायला पूर्ण फेरी लागेल, मोठ्या मंत्राला तीन. आधी सांगायचं, फेरीच्या शेवटी मंत्र लागेल. मध्ये मां.ला वार बसला तर मंत्र वाया. आणि लढ. ज्या वाटेवर उभा, त्या वाटेने त्याला पाडल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही.

एकट्या मां.ला घेऊन लढाया करून बघितल्या. बहुतेकदा मेला. लढ. सोबत दिला की बहुतेकदा वाचला. मंत्र मात्र दहाच ठेवले. एकही कापला नाही. माधवला हे सांगायला पोस्टाजवळच्या दुकानातून फोन केला. तो म्हणाला, "करून बघू." त्याच्या भाषेत हे कौतुक.

१० एप्रिल, रविवार

आपापले कागद परत. बुरुजाचा दरवाजा. दादाने दार धरलं. माधव मागून मंत्र म्हणतोय, आणि तो संपेपर्यंत तीन फेऱ्या. मोठा मंत्र होता. प्रत्येक फेरीला दादा फासा टाकायचा आणि माधव खुर्चीच्या टोकावर येऊन फाशाकडे बघायचा. दुसऱ्या फेरीत दादाचा दम संपत आला. शैलाने हात लावून भरला. तिसऱ्या फेरीत एक वार बसला, पण तो उभा राहिला. मंत्र लागला.

माधवने रुमालाने कपाळ पुसलं. म्हणाला, "मेलो होतो मी."

दादाने अकरा वेळा फासा टाकला. मी मोजणार नव्हते.

शैला निघताना: "यांचं जमलं. माझं काय? मी अजून मलमपट्टीच करतेय."

१९ एप्रिल

गिरणीच्या गेटवर आत घेणार त्यांची यादी लागली. दादाचं नाव नाही. त्याच्या खात्यातले शेजारचे दोघे आहेत. तो म्हणाला, दोनदा वाचली, वरून खाली आणि खालून वर. मग घरी येऊन नारळ खोवून दिला आईला.

जे आत जाणार त्यांच्याबद्दल चाळीत कोण काय बोलतंय ते लिहीत नाही.

२१ एप्रिल

घोडपदेवचा त्याचा मित्र भिवंडीला यंत्रमागावर आहे. माणूस पाहिजे म्हणतोय. दादा जेवताना सहज म्हणाला, जाऊन येतो.

आई: "थंय तुका जेवक कोण घालतला?"

"खाणावळ आहे."

आई ताटाकडे बघत राहिली. मी विचारलं, "रविवारी?"

"तिथे सुट्टी शुक्रवारी असते."

शुक्रवारी माझी शाळा, माधवचं ऑफिस, शैलाची ड्युटी. बाहेर जाऊन उभी राहिले, परत आत आले, परत बाहेर. त्याला थांब म्हणायचा हक्क मला नाही. तरी म्हणावंसं वाटतंय.

१ मे, रविवार

भिवंडीचं पक्कं झालं. आज दादाचा शेवटचा रविवार. कोणी तसं म्हटलं नाही.

लढ.चं काय करायचं यावर वाद. माधव म्हणाला, मी दोन्ही चालवतो. शैला म्हणाली, नको, मारून टाका, मोकळा होईल. दादाला ते आवडलं नाही. शेवटी त्याला एका किल्ल्याच्या दारावर पहाऱ्याला ठेवला. जेवणाची सोय आहे.

माधवने नियमांची माझी वही मागितली, आत्तापर्यंतचे बदल वाचले आणि पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली, पेनने "आणि वसंत" असं लिहिलं. दादाला दाखवलं. दादा म्हणाला, "स्वतःचं पण लिही. विचारलंस तूच." माधवने लिहिलं.

दादासाठी मी सगळे नियम नवीन वहीत उतरवले आहेत. बोट दुखतंय. फासे एकच जोड, माधवचा. दादा म्हणाला, फाशांऐवजी चिठ्ठ्या करीन.

४ मे

सकाळी गेला. एक पिशवी, एक वळकटी. दाढी केली होती.

८ मे, रविवार

तिघं. पहिल्याच वाटेवर माधवचा मंत्र अर्धा म्हणून होईतो राक्षस अंगावर. पुढे धरायला कोणी नाही. पळालो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा पळालो.

माधव म्हणाला, "नियम बरोबर आहे. आम्ही अपुरे आहोत." शैलाने तलवारवाला व्हायचं कबूल केलं, पण मग जखमा कोण भरणार. एक ओढलं की दुसरं उघडं पडतं. जुना नियम परत आणू का, असं मी विचारलं. दोघंही नाही म्हणाले.

२२ मे, रविवार

खेळ नाही. माधवची ऑफिसची परीक्षा.

आईने विचारलं वसंताचं पत्र आलं का. नाही.

११ जून

शाळा सुरू होतेय. त्या गडबडीत कार्ड आलं. दादाचं अक्षर बारीक झालंय.

आईला नमस्कार, तब्येत ठीक, डाळ पातळ असते, कानाला आवाजाची पुन्हा सवय झाली. मग सरळ मुद्द्यावर. खोलीतले चौघं तयार झाले आहेत. दोन आझमगढचे, एक सोलापूरचा, एक तेलंगी. खेळ हिंदीतून चालवतो. चालवतो स्वतः. वीस चिठ्ठ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात. शुक्रवारी सकाळी बसतात.

"अडचण अशी आहे," लिहिलंय, "की चौघांनाही मांत्रिक व्हायचं आहे. पुढे उभा राहायला एकही तयार नाही. मी समजावलं, ऐकत नाहीत. म्हणतात, पुढे उभे राहून झालं. पहिल्याच लढाईत चौघे मेले, तरी पुन्हा मांत्रिकच मागतात. नियमात काय करता येईल? लवकर कळव."

परत कधी येणार ते नाही. आईला वाचून दाखवताना मी त्या जागी थांबले, तिने ओळखलं.

१२ जून, रविवार

दवाखान्यात कार्ड दोघांना वाचून दाखवलं. माधव: "मंत्र महाग कर. दोन पायऱ्या तलवारीने चढल्याशिवाय मंत्र नाही." शैला: "मरू दे चौघांना. कंटाळतील तेव्हा कोणीतरी पुढे येईल." मग दोघांचं भांडण जुंपलं, पाऊण तास, मजा आली.

घरी येऊन उत्तर लिहायला घेतलं. आधी माधवचं लिहिलं, फाडलं. शैलाचं लिहिलं, फाडलं. मग लिहिलं, दादा, तूच हो लढवय्या, ते बघतील. पण तो खेळायला बसला तर चालवणार कोण? आणि तिथेही पुढे त्यानेच का उभं राहायचं? तेही फाडलं.

आई विचारतेय, एवढं काय लिहितेस, आणि तो येतलो कधी ता विचार. तेवढी एक ओळ कार्डाच्या खाली लिहून ठेवली आहे. वरची जागा अजून रिकामी.