रामकृष्णजींचा निकाल

४ जानेवारी, रविवार

दोन परीक्षक ठरले, तिसरा अडला आहे. वनस्पतिशास्त्राचे नरहरी सर हो म्हणाले. नागपूरहून गंधालीताई येतील, त्या बागा आखायचं काम करतात. काचेच्या टाकीत पाण्याखाली बाग लावणारे आम्ही मूठभर हौशी लोक — आमच्या स्पर्धेसाठी ही माणसं घरोघर फिरायला तयार! मन भरून आलं.

तिसरा कोण? शालिग्राम की रामकृष्णजी देवांगन? शालिग्राम सगळ्यांना छान म्हणतो. रामकृष्णजी कोणालाच म्हणत नाहीत. मागच्या वर्षी एकाच्या टाकीपुढे उभे राहून म्हणाले, "ये टैंक नहीं, भाजी की बारी है।" भाजीचा वाफा! पण होतं ते खरं.

६ जानेवारी

आमच्या पायलने स्पर्धेत नाव दिलं!

ती शिकवायची त्या शाळेची भिंत तिने रंगवली, आणि सगळ्या शिक्षकांसमोर "बचकाना है", पोरकट आहे, म्हणून मुख्याध्यापकांनी त्या चित्रावर चुना फिरवला. त्या दिवसापासून पोरीने ब्रश धरला नाही. नोकरी सोडली. खोलीतून बाहेर यायची ती जेवायला. मग दिवाळीनंतर एकदा माझ्या रिकाम्या टाकीत हात घालून बसलेली दिसली. मी काही विचारलं नाही. संध्याकाळच्या वंदनेत तेवढे आभार मानले.

मंडळाला कळवून टाकलं — मुलगी स्पर्धेत आहे, गुण देण्यात माझा हात नाही. परीक्षक मात्र मलाच ठरवायचे आहेत.

७ जानेवारी

कलावती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "त्या देवांगनले काहून आणून राहिले? पोट्टी आत्ता कुठं हसून राहिली. शालिग्राम भाऊजी काय वाईट आहेत?"

"वाईट नाहीत. पण ते छान म्हणतील तर पायलले खरं वाटन का?"

"नाई वाटलं तर नाई वाटलं! रडन तर नाई!"

 मी भाजी दोनदा वाढून घेतली.

८ जानेवारी

मंडळाच्या ग्रुपवर हिंदीतून टाकलं: "रामकृष्णजी का निकाल रविवार को।" रविवारच्या बैठकीत त्यांच्या नावाचं ठरवू, एवढंच.

९ जानेवारी

रामकृष्णजी ग्रुप सोडून गेले. फोन उचलत नाहीत. काय झालं कळेना.

दुपारी शालिग्रामचा फोन. "भैया, काँटा निकल गया, अच्छा हुआ। मैं हूँ ना!"

"अरे, पण ते गेले काहून?"

"आप ही ने तो लिखा — निकाल!"

डोक्यात लख्ख झालं. गावच्या शाळेत निकाल लागायचा तेव्हा आम्ही फळ्यापुढे छाती धडधडत उभे राहायचो. तोच शब्द मनात होता, तोच लिहून बसलो. हिंदीत वाचणाऱ्याला त्याचा अर्थ एकच — हाकलून देणं. तेही सगळ्यांदेखत!

उद्या जाऊन सांगतो.

१० जानेवारी

गेलो नाही. ऑफिसात काम होतं.

खरं लिहू? काम नव्हतं. शालिग्राम आला तर सगळं सुखाने पार पडेल, असं वाटून राहिलं. मी काढलं नाही, ते आपणहून गेले. यात माझं काय?

वंदनेला बसलो. मन लागलं नाही.

११ जानेवारी, रविवार

सकाळीच पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. रामकृष्णजी ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर केली नाही.

"निकाल तो दिए हमको। अब का?"

हात जोडले. म्हटलं, "हमारी मराठी में निकाल मतलब फैसला। स्कूल का रिझल्ट भी निकाल।"

पेपर खाली आला. "मतलब तुम्हरे स्कूल में हर साल सब लड़कों का निकाल होता था?"

"हर साल।"

"मास्टर के पास फिर बचता कौन था?"

एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आतून चहा मागवला. मग मी सांगितलं — स्पर्धेत माझी मुलगी आहे, भिंतीचं असं असं झालं, तरी तुम्हीच या. जे दिसेल तेच बोला.

"हव," ते म्हणाले. "मोला अउ कुछु आथे घलो नइ।" त्यांना दुसरं काही येतही नाही, म्हणाले!

संध्याकाळच्या बैठकीत त्यांचं नाव पक्कं केलं. असा माणूस रुसूनही परत येतो. केवढी कृपा!

२५ जानेवारी, रविवार

परीक्षक घरी आले. मी पायरीवर, दाराबाहेर. कलावतीने पोहे केले होते. रामकृष्णजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

 मग आतून त्यांचा आवाज — "सामने का पत्थर झूठ बोल रहा है।"

मी डोळे मिटले.

आणि पायल! "झूठ नहीं बोल रहा, अंकल। पीछे जगह कम है, उसको ढाँक रहा है।"

"जगह कम है तो कम दिखने दो। शरम काहे की?"

"फिर गहराई कैसे आएगी?"

"रेत से। ढाल दो पीछे को।"

भांडत होते दोघं! वर्षभरात पोरीचा असा चढलेला आवाज ऐकला नव्हता. पायरीवर बसूनच हात जोडले.

संध्याकाळी निकाल कळला, पायलचा नंबर आला नाही. पायल जेवली, ताट धुतलं, झोपली. कलावती माझ्याशी बोलत नाही.

२६ जानेवारी

सकाळी उठून पाहतो तर पायलने समोरचा दगड काढलेला, कोपरापर्यंत हात घालून वाळू मागे चढवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली —

"बाबा, 'निकाल' वाला मेसेज मैंने उसी दिन पढ़ लिया था। समझ भी गई थी, अंकल क्यों गए। चुप रही। देखना था, आप उनको लाने जाते हो कि मुझे बचाने के लिए छोड़ देते हो।"

 दहा तारखेचा, न गेल्याचा शनिवार आठवला.

"देर लगाई आपने," ती म्हणाली. "पर गए।"