खालून शिवलेला एप्रन

प्रिय रान,

तुझा निरोप आला आणि मी उत्तरच दिलं नाही, म्हणून तू गाल फुगवून बसली असशील. फोन सासूबाईंच्या कपाटात आहे. या दिवसांत पडद्याकडे बघितलं की डोळे जन्माचे अधू होतात, असं त्यांचं ठाम मत. लिहायलाही बंदीच आहे, पण त्या अंडी आणायला बाजारात गेल्यात आणि बर्फावरून फार जपून चालतात, तेवढ्यात हे उरकते. चेंगदूला राहून तू हार्बिनची थंडी विसरली असशील. बाहेर नाक गोठतंय आणि खोलीत घामाच्या धारा, तरी खिडकीची फट उघडायची नाही. केसांना पाणी नाही. राळ्याची पेज, तांबडी साखर, उकडलेली अंडी, आणि पुन्हा राळ्याची पेज. बाळंतिणीचं पथ्य आहे हे, तू ओळखलंच असशील. पुढचं मला सावकाशच सांगता येईल.

पडून पडून लुओ सरांची प्रयोगशाळा फार आठवते. निकेलचे ते कण, कार्बनच्या पापुद्र्यात गुंडाळलेले, डोळ्यांना नुसती काजळी. रडारच्या लहरी गिळणारी काजळी. ती मेणात कालवायची, साच्यात दाबून अंगठीएवढं कडं करायचं आणि यंत्रात बसवायचं. कडं हातात जास्त वेळ धरलं की मेण मऊ पडायचं, कडं सैल बसायचं आणि आकडे खोटे यायचे. पहिल्या वर्षी तू अशी किती कडी वाया घालवलीस! सर तुला आडनावाने हाक मारून ओरडायचे, "मियाओबाई, हाताची ऊब पुढे नवऱ्यासाठी राखून ठेवा, इथे चिमटा वापरा!" तू रडकुंडीला यायचीस आणि मी मुद्दाम चिमटा लपवून ठेवायचे, तुला चिडवायला. पत्रा लहर परतवतो, आपण ती आत घेऊन जिरवायची, एवढ्या एका गोष्टीवर मी आयुष्याची इतकी वर्षं घालवली. लहरींबद्दल मला कोणी काही शिकवावं असं उरलं नाही, अशी घमेंडही होती मला.

म्हणून तर पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंच्या बोचक्यातून तो चंदेरी एप्रन निघाला आणि मला हसू आवरेना. चांदीच्या धाग्यांचा, लहरींपासून बाळ राखतो म्हणे, हल्ली प्रत्येक पोटुशीच्या अंगावर दिसतो तो. तुला आठवतं ना, आपण तो प्रयोगशाळेतल्या, भिंतीभर लहरी शोषणारे काळे सुळके लावलेल्या खोलीत नेऊन मोजला होता? समोरून लहर जाईना, पण खालून अगदी मोकळा. तिथून शिरलेली लहर आतल्या आत आपटत बसते, बाहेर पडायला तिला वाट नाही. तू हसून हसून जमिनीवर बसलीस. मी आलेख छापून घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. म्हटलं, "आई, एक तर संगणकाच्या लहरींनी बाळाला काही होत नाही. आणि होत असतं, तरी याने थांबलं नसतं, त्या खालून शिरतात." सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "या तुझ्या रेघेला पोट आहे का?" म्हणाल्या. "नाही ना? मग तिला काय कळतंय." आमचा नवरोबा बोयुआन खो खो हसला. मीही हसले. एप्रन कपाटात गेला.

चौथ्या महिन्यात ते बाळ गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, प्रत्येक वेळी कारण सापडतंच असं नाही. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एकदा, स्वयंपाकघरात पारी लाटता लाटता, स्वतःशीच म्हणाल्या, "घातला असता तर..." वाक्य पुरंसुद्धा केलं नाही. रान, माझं मोजमाप बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण त्या अर्ध्या वाक्याला उत्तर देणारा आलेख काढता येत नाही, आणि ते वाक्य मी घेऊन झोपायचे आणि घेऊनच उठायचे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की वय बघता ही संधी शेवटचीच समजा. तीन महिने सरेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं म्हणून तुलाही उशिरा कळवलं. या वेळी एप्रन मी स्वतःच मागितला. सासूबाई म्हणाल्या, थांब, आणि दार लावून शिवत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा एप्रनला खालून झडप लागलेली होती, चंदेरी कापडाचीच, मांड्यांमधून वर घेऊन कमरेला बांधायची. "तूच म्हणालीस ना, खालून शिरतात? आता बघू कुठून शिरतात मेल्या!" म्हणजे तो आलेख त्यांनी नुसता उलटसुलट केला नव्हता, त्यांना तो कळला होता. दुहेरी शिवण, कुठे फट नाही. लुओ सरांनाही खोट काढता आली नसती. मी आधी हसले आणि मग त्यांच्या गळ्यात पडून रडले.

रजा टाकली. यंत्रांच्या जवळपासही फिरकले नाही. मायक्रोवेव्हची वायर सासूबाईंनी कात्रीने कापली. बोयुआन फोनवर बोलायला जिन्यात जायचा, शेजारी विचारायचे, "काय हो, आजही बाहेर काढलं का?" आणि मी त्या चंदेरी गोणीत घामाघूम होऊन बसलेली. याचा काही उपयोग नाही हे या शहरात माझ्याइतकं कोणाला माहीत असेल? पण काढायची हिंमत होईना. अंघोळीपुरता सोडला तरी अंग ओलं असतानाच पुन्हा बांधायचे. हळूहळू मला तो खराच वाटायला लागला. आत हललं की मी हाक मारायचे, सासूबाई हात पुसत धावत यायच्या, पोटावर हात ठेवायच्या. "आहे गं, आहे. लाथा मारतोय लबाड."

सहाव्या महिन्यात ते हलणं थांबलं. एप्रन अंगावर होता, झडप बांधलेली होती. हॉस्पिटलात नर्सला सासूबाईंच्या गाठी सुटेनात, शेवटी तो कापावा लागला. मुलगी होती.

हे पथ्य त्याचं आहे. बाळ हाती नसलं तरी अंगाला ते पाळावं लागतं म्हणे. परवा पेज भरवता भरवता सासूबाईंनी विचारलं, "पोरी, तू एवढी शिकलेली. या खेपेला तर कुठूनच शिरायला जागा नव्हती. मग कशाने गेली गं?" त्या टोमणा मारत नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पहिल्या वेळी त्यांच्याकडे उत्तर होतं आणि मला त्याचा राग यायचा. आता तेही राहिलं नाही. त्यांनी मला दोष दिला असता तर भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत, आई." त्यांनी उठून पेज गरम करून आणली.

तुझा निरोप मी हॉस्पिटलातून परतताना गाडीतच वाचला होता. तुलाही दिवस गेलेत, नव्या वर्षाच्या वसंतोत्सवाला तू इकडे येणार, आपण दोघी पोटाला पोट लावून फोटो काढणार, आणि तुझ्या सासूने आणलेला एप्रन घालायचा की नाही ते मी मोठी म्हणून तुला सांगायचं. त्याचंच उत्तर द्यायला बसले. घाल, नाहीतर घालू नकोस. काही फरक पडत नाही. हेच वाक्य पूर्वी मी किती तोऱ्यात म्हणायचे, आणि आज ते दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. आणि रान, तू येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर परत कर. सासूबाई तुला मायेने घरात घेतील, तुझ्या पोटावर हात ठेवतील, "आहे गं, आहे" म्हणतील, आणि ते मला भिंतीपलीकडूनही ऐकवणार नाही. तुझं सगळं नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण बाळ झालं की मला कळवू नकोस. मी विचारेन तेव्हा सांग, आणि मी विचारलंच नाही, तर रागावू नकोस.

तुझीच,
यिंगशुए ताई