आईला न लिहिलेलं

गुरुग्राम, १२ नोव्हेंबर

प्रिय संतोष,

इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. डायरी रोज लिहिते, पण तुझं नाव आलं की पान उलटते. आज लिहिते आहे, कारण साताऱ्याहून तुझ्या आईचा फोन आला होता.

“फौजेच्या ट्रेनिंगमधून मला एकच लिहायचा, मी मजेत आहे,” काकू म्हणाल्या. “शाळेतून रडत येणारं पोर एकदम मजेत? मी काय खुळी आहे होय?” हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “तुला तरी खरं लिहायचा ना गं? एकदा वाचून दाखव. डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत.”

काय सांगू रे त्यांना?

आर. के. पुरममध्ये तू शेजारी मामाकडे राहायचास, माझ्या दिल्लीच्या मराठीला हसायचास. कॅम्पमधून मुद्दाम सोपं लिहायचास, तरी मी अडायचेच. ‘हुरहूर म्हणजे काय?’ असं आईला विचारलं आणि तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, “अच्छा! हा अभ्यास चाललाय होय!”

नंतरच्या पत्रांत हसण्यासारखं काही नव्हतं. पायांना फोड. पांघरुणात तोंड खुपसून रडणं. कारगिलच्या बातम्या आल्या, त्या दिवशी तर पळून जायला पिशवी भरून तू कॅम्पच्या गेटपर्यंत गेलास. ते पत्र मी कुणालाच दाखवलं नाही.

पुढे तू लढायला गेलास आणि आला नाहीस. आता गावातल्या चौकाला तुझं नाव आहे. तिथून रोज जाणाऱ्या बाईला गेटची गोष्ट सांगू? आणि न सांगून मी त्यांना जपते, की स्वतःला? घाबरलेला संतोष फक्त माझा होता, हे मला आवडत आलंय का?

आज ते पत्र पुन्हा काढलं. गेटवरून का परतलास, तेही लिहिलंयस: ‘घरी गेलो तर आई ओरडणार नाही. जेवलास का, एवढंच विचारेल. मग मला तिथून निघवणार नाही.’

ही ओळ माझी नव्हतीच ना! त्यांनाच का नाही लिहिलीस, वेड्या?

वचन देते, एकही ओळ गाळणार नाही. रडणंसुद्धा वाचेन. आवाज फुटला नाही, तर थांबून पुन्हा वाचेन.

अनघा

उद्या: दुपारी काकूंना फोन. आधी जेवलात का, ते विचारायचं.