उणे ऐंशीचा फ्रीजर आणि रुपीकाकीची लापशी

मी, डॉ. बबिता देवसिंग आडे, वय ६८ वर्षे, जीवरसायनशास्त्राची सेवानिवृत्त संशोधक, मूळ राहणार पळसतांडा, हल्ली मुक्काम पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. 'डोकं ठिकाणावर' हे शब्द बाकीचे लोक वकिलाच्या सांगण्यावरून लिहितात. माणसाचं डोकं पुढे ठिकाणावर राहील की नाही, हे रक्तात शोधण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून मी ते मोजून लिहिते आहे. डॉ. प्रेरणा गावंडे यांनी परवा माझ्या स्मरणशक्तीची चाचणी घेतली. तीसपैकी एकोणतीस. एक गुण वार सांगताना गेला. सेवानिवृत्त बाईला वार विचारू नये, हे मी त्यांना तिथेच ऐकवलं.

कलम १. हे आत्ताच का? माझा भाचा जीवन दिवाळीपासून सगळ्यांना सांगत सुटला आहे, "आत्या आता विसरून राह्यली." का, तर मी त्याला दोनदा खेमसिंग म्हणून हाक मारली. खेमसिंग माझा धाकटा भाऊ, म्हणजे याचा बाप. अरे बाबा, तू हुबेहूब त्याच्यासारखा ओरडतोस, त्याला मी काय करू! पण घाईचं खरं कारण दुसरं आहे. ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. पुसदचं माझं राहतं घर, इन्व्हर्टर, जनरेटर आणि मागच्या खोलीतला उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर मी माझी भाची अर्पिता खेमसिंग आडे हिला देते. ती इथल्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि सुई टोचताना माणसाशी बोलते. हा गुण मला पदव्या असलेल्या फार थोड्या लोकांत दिसला. बँकेतली माझी ठेवही तिलाच. रक्कम बँकेला ठाऊक आहे, तांड्याला कळायची गरज नाही. तिचं व्याज आधी फ्रीजरच्या विजेला, उरलं तर अर्पिताच्या मौजेला.

अट एकच. या फ्रीजरमध्ये खाण्याची वस्तू ठेवायची नाही. गेल्या उन्हाळ्यात जीवनने गुपचूप त्यात कुल्फी ठेवली, दुसऱ्या दिवशी चावली आणि समोरचा अर्धा दात गमावला. आत्या विसरते म्हणणाऱ्याने आरशात बघून हसावं.

कलम ३. फ्रीजर माझा आहे, आतलं रक्त माझं एकटीचं नाही. ते पळसतांड्यातल्या साठीपुढच्या एकशे बारा माणसांचं आहे. ते मी कोणाला देऊ शकत नाही, फक्त त्याची राखण अर्पितावर सोपवू शकते. ती का करायची, हे घरच्यांना एकदा नीट कळावं म्हणून सांगते.

बारा वर्षांपूर्वी मी तांड्यात पहिल्यांदा रक्त घेतलं. म्हातारपणी माणूस नावं विसरतो, वाटा विसरतो, त्या अल्झायमरची खूण रक्तातल्या चरबीत आधीच दिसते का, हा प्रश्न होता. त्यासाठी आमच्या संस्थेत मास स्पेक नावाचं यंत्र होतं. जिनिंगच्या दारात कापसाची गाडी तोलतात तसा ते एकेक रेणू तोलतं. चरबी मोजायची तर रक्त उपाशीपोटी लागतं. मी तांडाभर बजावून ठेवलं आणि ती जबाबदारी माझ्या चुलतकाकी रुपीबाई यांच्यावर टाकली, कारण त्यांचा शब्द तांड्यात कोणी मोडत नाही.

यंत्रावर तांड्याच्या रक्तातली चरबी अशी निघाली की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अशी जगात कोणाचीच नव्हती! मी शोधनिबंध लिहून पाठवूनही दिला. मग मनात पाल चुकचुकली, म्हणून तांड्यात येऊन विचारलं, "काकी, त्या दिवशी सगळे उपाशी होते ना?"

"उपाशीच होते व माय. फक्त लापशी खाल्ली."

"लापशी?"

"मंग? उपाशी माणसाचं रक्त काढते काय कोणी? पाप लागन ना! दोन पातेले केली होती, तूप सोडून."

आमच्यात अंगणात आलेला माणूस उपाशी जात नाही. रक्त द्यायला आलेला कसा जाईल? हे मला, त्याच अंगणात वाढलेल्या मुलीला, सुचायला हवं होतं. मी निबंध मागे घेतला. आमचे त्या वेळचे विभागप्रमुख भरल्या सभेत म्हणाले, "बाईंनी बारा पानं भरून तूप मोजलं." सगळे खो खो हसले. सदर गृहस्थांना माझ्या मागे खेमसिंगच्या गोठ्यातलं अर्धा किलो साजूक तूप पोस्टाने पाठवावं. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

कलम ४. कारण त्या तुपातच सगळं होतं. पातेली तीच, वेळ तीच, वाटी तीच. तरी काहींच्या रक्तातली चरबी दोन तासांत निवळली आणि काहींच्या रक्तात तशीच तरंगत राहिली. चरबीचे तुकडे करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, काहींच्यात धावतं आणि काहींच्यात रेंगाळतं. तेव्हापासून दरवर्षी होळीच्या आधी आम्ही उपाशी रक्त घेतो, मग काकीची लापशी वाढतो, मग पुन्हा रक्त घेतो. काकी म्हणतात, "आता अक्कल आली तुले." बारा वर्षांत नऊ जणांना विसरण्याचा आजार झाला. त्यांपैकी सात जणांचं विकर रेंगाळणारं होतं. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, अजून दहा वर्षं हवीत. एवढ्यावर नाचूही नये. पण मी नाचले, मागच्या खोलीत, एकटीच.

मग मी एकेचाळीस नंबरचा तक्ता काढला. साठी ओलांडली तेव्हा मीही वाटी घेऊन त्या रांगेत बसले होते. एकेचाळीस नंबर माझा. विकर रेंगाळतं.

म्हणून ही घाई. पहिल्यांदा भीती वाटली, खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी विसरले तर माझा शोध खरा, आणि नाही विसरले तर मी ठणठणीत. आता सांगा, अशी पैज आयुष्यात कोणाला मिळते? तिसऱ्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या.

कलम ५. तांड्याजवळची माझ्या वाट्याची तीन एकर जमीन जीवनला देते. ओरडतो, पण वीज गेली की जनरेटर सुरू करायला पहिला तोच धावतो. आरामखुर्ची खेमसिंगला. तो तिच्यावरून तसाही उठत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अर्पिताने करावी.

कलम ६. हे जिवंतपणीचं आहे, वकिलांनी मृत्युपत्रात बसत नाही म्हटलं, तरी बसवते. मी विसरू लागले तर "ओळख पाहू मी कोण?" असं मला कोणी विचारू नये. मी ते हजार माणसांना विचारलं आहे आणि त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. आल्यावर आधी आपलं नाव सांगावं, मग बसावं. मी खेमसिंग म्हटलं तर जीवनने ओ द्यावी. होळीआधी मला हाताला धरून रांगेत बसवावं, माझं रक्त घ्यावं, आणि वाटीत तूप कमी घालू नये.

कलम ७. राहिलं काकीचं मोठं पितळी पातेलं. माझ्या पहिल्या पगारातून घेतलं होतं, ते मी त्यांनाच लिहून देणार होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये, लोक संशय घेतात. मी काकीला विचारलं, पातेलं हवं की साक्ष? त्या म्हणाल्या, "पातेलं माह्याच चुलीवर हाये. मले सही करू दे." रक्त देण्याच्या संमतीपत्रावर पहिल्या वर्षी त्यांनी अंगठा दिला होता. दुसऱ्या वर्षापासून सही करतात. म्हणून पातेलं कोणालाच नाही, ते अभ्यासाचं.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

सही: बबिता देवसिंग आडे

साक्षीदार १: डॉ. प्रेरणा गावंडे, पुसद. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण भानावर आहेत आणि वाद घालण्याच्या स्थितीत आहेत.

साक्षीदार २: रुपीबाई आडे, वय ८४, पळसतांडा, अभ्यासातला नंबर एक, विकर सगळ्यांत वेगाने धावणारं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: "पोरीनं माह्यासमोर सही केली. डोकं साजरं हाये तिचं. सकाळी लापशी देल्ली त् पहिल्याच घासाले म्हणे, काकी, गूळ बदलला का व? बदललाच होता. आन् उद्या इसरली त् इसरली. मले हाये ना सारं याद."

स्थळ: पुसद. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५. वार: बुधवार. कोणाला न विचारता लिहिला, मग काकीकडून ताडून घेतला. बरोबर आहे.